मामेबहिणीला त्या घरातून बाहेर काढायचंय, सुरुवात कुठून करू?

रानजाई | ८ ऑक्टोबर, रात्री ११.४०

एरवी वाचनमात्र असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबेल, सांभाळून घ्या.

माझी मामेबहीण, वय ३६. मी तिला ताई म्हणते. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. दोन्ही पाय आणि डावा हात कामाचे नाहीत, उजव्या हाताचं एक बोट मात्र पक्कं. बोलणं ओढत ओढत येतं, नवख्याला पहिली दहा मिनिटं काही कळत नाही. डोकं लख्ख. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून मराठी घेऊन बी. ए. केलंय. गावात मात्र 'मास्तरांची येडी'. बोलणं कळत नाही म्हणजे अक्कल नाही, असा सगळ्यांचा हिशोब.

मामा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. २०१९ मध्ये गेले, मामी त्याआधीच. तेव्हापासून ताई दादा-वहिनीकडे, सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. गेल्या महिन्यात मी न कळवता गेले. चाकाची खुर्ची माळ्यावर टाकलेली, का तर घरात अडचण होते. ताई मागच्या खोलीत सतरंजीवर. दुपारी दोननंतर तिला पाणी देत नाहीत, म्हणजे रात्री कोणाला उठावं लागू नये. दंडावर वळ. दादा म्हणाला, पडते ती. पडलेल्या माणसाच्या दंडाला आतल्या बाजूने चार बोटं उठतात का? मी निघाले तेव्हा ती रडली.

आता पैशाचं. मामांची कुटुंब पेन्शन ताईच्या नावावर आहे, हातात साधारण अठरा हजार येतात. खातं तिचं आणि दादाचं जोडखातं. एटीएम कार्ड त्याच्याकडे, ओटीपी त्याच्या फोनवर. वर्षातून एकदा, नोव्हेंबरात, तिला नवी साडी नेसवून रिक्षाने बँकेत नेतात, हयातीचा दाखला द्यायला. बाकीचे अकरा महिने ती हयात आहे की नाही याचं कोणाला सोयरसुतक नाही. दिवाळीनंतर घराच्या आणि दोन एकराच्या हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा घ्यायचं घाटतंय, हे तिनेच मला सांगितलं.

मी पुण्यात, वन रूम किचन, तिसरा मजला, लिफ्ट नाही. काय करू?

माई_कोकणातली | ९ ऑक्टोबर, सकाळी ७.१०

बाळा, वाचून वाईट वाटलं. पण वहिनीची बाजू विचारलीस का? दोन मुलं, शेत, आणि वर रोज एका मोठ्या बाईला उचलून न्हाऊ-माखू घालायचं. मी सासूबाईंचं नऊ वर्षं केलंय, माझीही जीभ आणि हात सैल सुटायचे. चार मोठी माणसं बसवा, दादाला समजवा. पोलिसात गेलीस की माहेर कायमचं तुटतं.

खडूस_वकील | ९ ऑक्टोबर, सकाळी ९.२५

माई, थकणं मान्य. पाणी तोडणं हे थकण्यात बसत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम ९२: ताब्यातल्या अपंग व्यक्तीला जाणूनबुजून अन्नपाणी नाकारणं आणि तिचं सहायक साधन मोडणं किंवा वापरू न देणं हे दोन्ही गुन्हे आहेत. अपमान करण्याच्या हेतूने केलेली मारहाणही त्यातच. सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड. म्हणजे माळ्यावरची खुर्ची ही 'अडचण' नसून पुरावा आहे. तिचा फोटो काढलात का?

रानजाई, तुमच्यापुरतं नीट वाचा:

कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा फक्त नवरा-बायकोचा नाही. एका छताखाली राहणारी बहीण भावाविरुद्ध अर्ज करू शकते. वहिनीविरुद्धही, कारण प्रतिवादी 'सज्ञान पुरुष'च असावा ही अट सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये काढून टाकली. पेन्शन दाबून ठेवणं म्हणजे त्या कायद्यातला आर्थिक छळ. महिला म्हणून आणि अपंग म्हणून, दोन्ही नात्यांनी वकील फुकट मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा.

हक्कसोडपत्र नोंदणीकृत लागतं. घरी कोऱ्या कागदावर अंगठा घेतला तर हक्क जात नाही, डोकेदुखी मात्र वाढते. तिला आत्ताच सांगून ठेवा: दुय्यम निबंधकासमोर नेलं तर 'नाही' म्हणायचं, बोलणं कळत नसेल तर मान हलवायची, अंगठ्याची मूठ वळायची.

आणि एक प्रश्न. दादा स्वतःला 'कायदेशीर पालक' म्हणवतो का?

रानजाई | ९ ऑक्टोबर, सकाळी १०.०२

हो! सगळ्यांना तेच सांगतो. 'मी तिचा गार्डियन आहे, सही माझीच चालते.'

खडूस_वकील | ९ ऑक्टोबर, सकाळी १०.३०

प्रमाणपत्र बघायला मागा. सेरेब्रल पाल्सी असलेल्या प्रौढाला पालक नेमायचा तर राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक समिती नेमते, भाऊ आहे म्हणून कोणी आपोआप पालक होत नाही. आणि नेमलेला पालक छळत असेल, पैसे खात असेल तर त्याच कायद्याच्या कलम १७ खाली त्याला काढता येतं. माझा अंदाज, कागद नसणारच. बऱ्याच घरांत 'गार्डियन' हा शब्द शाळेच्या दाखल्यावरून उचललेला असतो.

एका_चाकावर | ९ ऑक्टोबर, दुपारी १.१५

मी स्वतः कमरेखाली लुळा आहे. २०११ मध्ये, एकतिसाव्या वर्षी घर सोडलं. मारहाण नव्हती, पण होतं ते पुरेसं होतं. त्या अनुभवावर बोलतो. थोडं टोचेल.

अख्ख्या धाग्यात एक गोष्ट दिसली नाही. ताईंना विचारलंत का? जायचंय का, कुठे, कोणाबरोबर, कधी? तुम्ही तिला तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवलीत तर मागच्या खोलीतून निघून वरच्या खोलीत आली, एवढंच होईल. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याचं कलम ५ सांगतं की अपंग व्यक्तीवर अमुकच ठिकाणी राहण्याची सक्ती करता येत नाही. ते दादाला लागू आहे तसंच प्रेमळ मामेबहिणीलाही.

दुसरं. आधी संडासाचा विचार करा, मग स्वातंत्र्याचा. हसू नका. माझे पहिले दोन महिने तेवढ्यातच गेले. दारातून खुर्ची आत जाते का, कमोड आहे का, शेजारी धरायला काही आहे का, पाण्याचा नळ बसल्याजागी हाताला येतो का. भाड्याची खोली बघायला जाताना मी टेप घेऊन जायचो. घरमालक हवा-उजेड दाखवायचे, मी दाराची चौकट मोजायचो. ताईंची खुर्ची केवढी आहे ते मोजून ठेवा, नाहीतर खोली ठरेल आणि चौकटीत अडकून बसाल.

तिसरं, पडणं. पहिल्या आठवड्यात दोनदा पडलो. दुसऱ्यांदा दोन तास फरशीवर होतो, फोन पलंगावर. तेव्हापासून फोन गळ्यात असतो, झोपतानाही.

चौथं, थेट घरातून खोलीत नको. मधे काही महिने एखाद्या संस्थेत, जिथे पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून कमोडवर जायला शिकवतात. ३६ वर्षं तिला उचललंय सगळ्यांनी, स्वतः सरकायला कोणी शिकवलंच नसेल. कोल्हापूर तुम्हाला जवळ आहे. नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये तिथे हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड उभी केली, स्वतः चाकाच्या खुर्चीवरून. पुढे कुडाळजवळ मोरे गावात अपंगांचा काजू कारखाना काढला. चौकशी करा, पण ताईंशी बोलून.

फिलीकर | ९ ऑक्टोबर, संध्या. ६.५०

इथे अमेरिकेत 'सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग' असतात, पहिलं १९७२ मध्ये बर्कलीत अपंगांनीच काढलं. मदतनीस कोण ठेवायचा, किती वाजता यायचं, हे अपंग व्यक्ती ठरवते. आपल्याकडे असं का नाही?

एका_चाकावर | ९ ऑक्टोबर, संध्या. ७.०५

कारण आपल्याकडे मदतनिसाला 'बाई' म्हणतात आणि बाई वहिनीचं ऐकते, तुमचं नाही. पगार तुमच्या हातून गेला की फरक पडतो. म्हणूनच आधी पेन्शन सोडवा.

निवृत्त_नायब | १० ऑक्टोबर, सकाळी ८.४५

महसूल खात्यात ३१ वर्षे काढली, त्यावरून सांगतो.

वकीलसाहेबांनी कलम ९२ सांगितले, त्याआधी त्याच २०१६ च्या कायद्याचे कलम ७ वापरा. अपंग व्यक्तीचा छळ होतोय असे वाटणारा कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवू शकतो, म्हणजे तुम्हीही. दंडाधिकाऱ्याने छळ थांबवणे, सुटकेसाठी पोलिसांना किंवा संस्थेला अधिकार देणे आणि व्यक्तीची इच्छा असेल तर सुरक्षित ठिकाणी ठेवणे अपेक्षित आहे. तालुक्यात हा अधिकार तहसीलदारांकडे असतो.

आता मेख. अर्जावर नुसते 'मा. तहसीलदार' लिहिलेत तर तो अपंगांचा अर्ज म्हणून संजय गांधी निराधार योजनेच्या शाखेत जाऊन पडेल आणि तुम्हाला उत्पन्नाचा दाखला मागतील. 'मा. कार्यकारी दंडाधिकारी तथा तहसीलदार' असे लिहा. विषयात कलम ७ ठळक लिहा. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. माझ्या सबंध नोकरीत या कलमाखाली एकही अर्ज माझ्या टेबलावर आला नाही, त्यामुळे समोरचा गोंधळेल. कलमाची छापील प्रत जोडा.

जमिनीसाठी तलाठ्याकडे लेखी हरकत देऊन ठेवा. फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलाची, नोटीस निघाली की हरकतीला १५ दिवस असतात, आणि नोटीस दादाच्या घरीच जाणार.

पोपटपंची | १० ऑक्टोबर, सकाळी ९.३०

संजय गांधी निराधारमध्ये दिव्यांगांना आता २५०० मिळतात, तेही घ्या की.

निवृत्त_नायब | १० ऑक्टोबर, सकाळी ९.४४

अठरा हजार पेन्शन असताना नाही. उत्पन्नमर्यादेत बसत नाही. खोटा दाखला काढू नका, दादाला आयते हत्यार मिळेल.

जोशीकाकू_बँकवाल्या | १० ऑक्टोबर, दुपारी ३.२०

बँकेत होते म्हणून. जोडखात्यातल्या एकाने लेखी कळवलं की बँक दुसऱ्याला एकट्याच्या सहीवर पैसे देणं थांबवते. पण मग ताईलाही एकटीला काढता येणार नाहीत. म्हणून आधी तिच्या एकटीच्या नावाचं खातं, मग पेन्शन देणाऱ्या कार्यालयाला खातं बदलाचा अर्ज, आणि शेवटी जुनं थांबवा. क्रम चुकवू नका.

त्याआधी आधारचा मोबाईल नंबर बदलायचा. पोस्टमन घरी येऊनही बदलून देतो, ओळखपत्र लागत नाही, बोटाचा ठसा लागतो. दादाच्या फोनवर ओटीपी जातोय तोवर तिचं काहीच तिचं नाही.

हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत जायची गरज नाही. जीवन प्रमाण ॲपवर चेहरा दाखवून होतो, कुठूनही.

आणि कमवायला लागली तर पेन्शनवर काय परिणाम होतो ते पेन्शन कार्यालयात आधी विचारा. अपंग मुलीची आजन्म पेन्शन ही 'उपजीविका कमवू शकत नाही' या आधारावर असते.

एका_चाकावर | १० ऑक्टोबर, दुपारी ३.४१

म्हणजे काम केलं तर पेन्शन धोक्यात आणि पेन्शन ठेवायची तर आयुष्यभर 'अक्षम'. कोणी केला असेल हा नियम, त्याला एकदा भेटायचंय.

रानजाई | २ नोव्हेंबर, रात्री १०.१५

सगळ्यांचे आभार, आणि एका_चाकावर यांचे जास्तच. टोचलंच. मी तिला खरंच विचारलं नव्हतं.

शेजारच्या आशाताईंमार्फत तिला एक साधा स्मार्टफोन आणि नवं सिम पोचवलं. उशीखाली ठेवते, रात्री एका बोटाने लिहिते. मी विचारलं, तुला काय हवंय? दोन दिवस उत्तर नाही. मग एक मोठा निरोप आला, मुद्दे घालून! पुण्याला यायचं नाही. संस्थेत राहीन, पण कायमची नाही. माळ्यावरची खुर्ची आणि बाबांचे शब्दकोश घेतल्याशिवाय निघणार नाही. रात्री पळून जायचं नाही, 'मी चोरी केलेली नाही'. हक्कसोड देणार नाही, पण घर विकायलाही लावणार नाही, पोरांचं घर आहे ते. आणि निघायचं तर हयातीच्या दाखल्याच्या दिवशी, बँकेतून, कारण वर्षातून तेवढाच एक दिवस तिला दादा स्वतः उंबऱ्याबाहेर आणतो.

मी गप्पच झाले. महिनाभर मी जी योजना आखत होते त्यापेक्षा ही सरळ होती.

तहसीलला अर्ज दिला. नायबकाका म्हणाले तसंच झालं, अर्ज आधी दुसऱ्याच टेबलावर. मग गावात चौकशीला माणूस आला, दादाकडे चहा प्यायला, 'कौटुंबिक वाद, आपसात मिटवावा' असं लिहून गेला. ताईशी बोललाच नाही. मग दुसरा अर्ज दिला, प्रती जिल्हाधिकारी आणि पुण्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय यांना. या वेळी साहेबांनी स्वतः बोलावलं.

माई_कोकणातली | ३ नोव्हेंबर, सकाळी ६.५५

पोरगी हुशार आहे गं. मी आधी लिहिलं ते मनाला लावून घेऊ नकोस. निघायच्या दिवशी पोटात काहीतरी असू दे तिच्या.

खडूस_वकील | ३ नोव्हेंबर, सकाळी ९.१०

दादा त्याच संध्याकाळी हरवल्याची तक्रार देणार, लिहून घ्या. म्हणून त्या दिवशीच्या तारखेचं तिचं निवेदन, 'मी सज्ञान आहे, स्वतःच्या इच्छेने जात आहे', पोलीस ठाण्याला आधी पोचवा, पोच घ्या. तिने स्वतः वाचून दाखवलेला व्हिडिओही करा, तिच्या आवाजात, कितीही वेळ लागो. जबाबासाठी तिला ठाण्यात यायची सक्ती नाही, अपंग व्यक्तीचा जबाब ती राहते तिथे जाऊन घ्यायचा असतो.

रानजाई | १९ नोव्हेंबर, रात्री ११.५५

झालं. आज.

तिला जांभळी साडी नेसवली होती. मी, विधी सेवाच्या वकीलबाई आणि एक महिला पोलीस हवालदार आधीच बँकेत बसलेल्या. दादाने फॉर्म पुढे केला. ताईने फोन काढला (त्याने तो फोन पहिल्यांदाच बघितला) आणि मॅनेजरसमोर धरला. आधीच टाईप केलेलं: 'दाखला मी स्वतः देईन. खात्यातून माझ्या संमतीशिवाय पैसे देऊ नयेत. आजपासून मी भावाकडे राहणार नाही.' दादा आधी हसला, मग ओरडला, मग हवालदारबाई उठल्या.

खुर्ची आणायला घरी गेलो. मला वहिनीची सगळ्यात जास्त धास्ती होती. तिने स्वतः स्टूल लावून खुर्ची खाली काढली. कपाटातून फाईल आणली, बी. ए.चं प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र), मामांचे पेन्शनचे कागद, सगळं लावून ठेवलेलं. ताईला म्हणाली, 'जा बाई, आता मलाही सुटू दे.' माई, तुम्ही म्हणाला होतात ते आठवलं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

तक्रार संध्याकाळी सात वाजता आली. कोल्हापुरात वसतिगृहावर हवालदार आले, सगळे प्रश्न मला विचारायला लागले. ताईने फोन पुढे केला: 'मी इथे आहे. मला विचारा.'

मूषक | २० नोव्हेंबर, सकाळी ८.००

काटा आला अंगावर. पुढचं लिहीत राहा.

रानजाई | २२ मार्च, दुपारी ४.३०

बरेच निरोप आलेत म्हणून लिहिते, सगळं गोड नाही.

पेन्शन कार्यालयात खातं बदलायला अडीच महिने लागले. मधल्या काळात पेन्शन जुन्या खात्यात अडकलेली, दोघांच्या सहीशिवाय निघेना. जोशीकाकू, तुमचा क्रम आम्ही गडबडीत चुकवलाच. वसतिगृहात तिला पहिले तीन आठवडे अजिबात आवडलं नाही, जेवणाची घंटा, दिवे बंदची वेळ. एकदा 'परत जाऊ का' म्हणाली. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी तिने विषय काढला नाही.

आता ती पलंगावरून खुर्चीत स्वतः येते. अकरा मिनिटं लागायची, आता चार. १ मार्चपासून भाड्याच्या खोलीत आहे, तळमजला, वसतिगृहातल्याच एका मुलीबरोबर. भाडं ६००० अर्धं अर्धं. सकाळी दोन तास आणि संध्याकाळी एक तास मावशी येतात, त्यांचे ७०००. पाणी हवं तेवढं पिते. दादाविरुद्धचा अर्ज कोर्टात आहे, तारखा पडताहेत. वहिनीचं नाव तिने अर्जात घालू दिलं नाही.

तिने इथे खातं उघडलंय. धागा वाचतेय असं म्हणाली. घाबरलेय.

एकबोटी | २२ मार्च, संध्या. ६.१२

नमस्कार. मीच ती.

धागा पूर्ण वाचला. काही दुरुस्त्या. शीर्षकात 'बाहेर काढायचंय' आहे. मी कपाट नाही. पहिल्या पोस्टमध्ये मी रडले असं लिहिलंय. मी रडले नव्हते, पोटात कळ आली होती, दुपारपासून थांबवून धरली होती. साडी जांभळी नव्हती, वांगी रंगाची होती. निवृत्त_नायब, 'दिव्यांग' न लिहिता अपंग लिहिल्याबद्दल आभार, मला तोच शब्द बरा वाटतो. पोपटपंची यांचा राग नाही.

वळ चार नव्हते, तीन होते. पण राहू दे.

माझा प्रश्न. मालक बाथरूमच्या टाईल्सना भोक पाडू देत नाहीत. त्यामुळे कमोडशेजारी धरायला दांडा बसवता येत नाही. मावशी नसताना अडचण होते. कोणाकडे उपाय आहे का?

एका_चाकावर | २२ मार्च, संध्या. ६.२०

आहे. कमोडभोवती ठेवायची चार पायांची लोखंडी चौकट मिळते, दोन्ही बाजूंना हात, भिंतीला काही लागत नाही. शस्त्रक्रियेचं सामान विकणाऱ्या दुकानात विचारा. पायांना रबरी बूट आहेत का बघून घ्या, नाहीतर ओल्या फरशीवर सरकते. बाथरूमची रुंदी किती?

एकबोटी | २२ मार्च, संध्या. ६.३१

तीन फूट दोन इंच. टेप आहे माझ्याकडे.